दहावा दोर

त्या फाल्गुनात मला आणि माझ्या घराला चर्चमधल्या प्रभुभोजनातून वगळलं. हाताला धरून कुणी उठवलं नाही. पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन रांगेतून येत होते, आमच्यापाशी आले आणि तीन माणसं सोडून पुढं गेले. मी, माझी बायको आणि माझी म्हातारी माय. मायची नजर अधू झाली होती. ताट पुढं गेलेलं तिला कळलं नाही, ती हात पसरून तशीच बसून राहिली. शेवटी बायकोनं तिचा हात हळूच खाली घेतला. देव आहे की नाही, ही शंका मला त्या दिवशी आली नाही. तो कुणाच्या बाजूला आहे, ही आली, आणि माझ्यासारख्या माणसाला ती शंका जास्त जाळते.

हे कशावरून झालं ते सांगायला थोडं मागं जायला हवं. जळकोटपासून दोन कोसांवर आमचं गाव. धंदा दोर वळण्याचा. अंबाडी ओढ्यात भिजवायची, सोलायची, तिचा वाख, म्हणजे धागा, काढून त्याला पीळ द्यायचा. दावी, कासरे, मोटेचे नाडे, साऱ्या गावाला आमच्या घरचे. त्याच्या बदल्यात खळ्यावर वर्षाला जे धान्य पदरात पडेल त्यावर घर चालायचं. वर निजामाचं राज्य होतं. तहसीलदाराचा दौरा आला की तंबूला दोर आमचे, खुंट्या ठोकायला हात आमचे, घोड्याला गवत कापायचं तेही आम्हीच, आणि मजुरी म्हणून शिवी. याला वेठ म्हणत. माझा बाप वेठीतच गेला. तापात असताना त्याला महसूल खात्याच्या गिरदावरच्या सामानाखाली चालवलं होतं.

बाप गेल्यानंतर एक म्हातारे पाळक बैलगाडीतून आमच्या वस्तीवर येऊ लागले. ते आमच्या घरात खाली बसले आणि आमच्या मडक्यातलं पाणी प्यायले. तोवर वस्तीबाहेरचं माणूस आमच्या घरचं पाणी पिताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला अक्षरं शिकवली आणि एक गोष्ट सांगितली, जी मी जिवाशी धरून ठेवली: ख्रिस्ताकडं वेठ नाही. विसाव्या वर्षी मी आणि मायनं बाप्तिस्मा घेतला. म्हाताऱ्या पाळकांनी कधी काही मागितलं नाही. सुगीनंतर उपकारस्तुतीच्या दिवशी ज्याला जे वाटेल ते तो आणायचा. कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी पदरात बांधून शेरभर ज्वारी. मायनं तर आपली एक रीतच घालून घेतली. रोज जात्यावर बसण्याआधी ज्वारीची एक मूठ बाजूला काढायची आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. ते मडकं देवाचं. ते भरलं की डोक्यावर घेऊन ती तीन कोसांवर चर्चला जायची, आणि त्या दिवशी तिची चाल एखाद्या पाटलीणबाईसारखी असायची.

मग जगातली मोठी लढाई आली आणि तिच्यामागं लेव्ही आली. सरकारी माणसं खळ्यावर येऊन धान्य मापून न्यायची. शेतकऱ्याचंच कमी झालं तिथं आमच्या वाट्याला काय उरणार? म्हातारे पाळक वारले आणि त्यांच्या जागी नवे आले. तिशीतले, सडपातळ, नगरकडचे. माणूस खोटा नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्यांचा स्वतःचा पगार निम्म्यावर आला होता, त्यांच्या लेकरांच्या अंगावर ठिगळं होती. वरून, मिशनकडून पत्र आलं होतं म्हणे, की परदेशातली मदत आटली आहे, आता चर्चच्या मंडळीनं आपल्या पायावर उभं राहावं. त्यांनी शास्त्र उघडून दशमांश समजावला आणि घराघराची यादी केली. दहा पायल्यांतली एक पायली, दहा कोंबड्यांतली एक कोंबडी. माझ्या नावापुढं लिहिलं, दहावा दोर.

सुगी झाल्यावर एका रविवारी त्यांनी ती यादी चर्चमध्ये वाचली. एकेक जण उठून आपलं पुढं ठेवत होता. माझं नाव आलं तेव्हा मी उठलो, पण माझे हात मोकळे होते.

"आणलं नाही?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. आणणार बी न्हाय."

"अडचण असेल तर सांगा. मुदत देऊ."

"अडचण न्हाय, साहेब. वळलेले दोर घरात पडल्यात. पर यादीत नाव वाचून मागितल्यावर म्या देणार न्हाय."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "हे मी मागत नाही. देव मागतो."

"देवानं आजवर माज्या दारात कागद घेऊन माणूस धाडला न्हाय," मी म्हणालो. "माणूस धाडतो तो पटवारी. सरकारची लेव्ही हाय, ती बंदुकीच्या भ्यानं देतो. देवाची बी लेव्हीच आसंल, तर मग म्या वेठीतून सुटून आलो कुठं?"

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना एक. जे आणणार नाहीत त्यांना प्रभूच्या मेजावर बसता येणार नाही. मला हे आवडत नाही, पण एकाला सोडलं तर उद्या कुणीच देणार नाही." आणि पुढच्याच रविवारी ते ताट आमच्यावरून गेलं.

त्यानंतर मी चर्चची पायरी चढलो नाही. बायको रडली, भांडली. "एका दोरासाठी येवढं? वळताय की रोज!" तिला समजावून सांगणं मला जमलं नाही. दोराचं काहीच नव्हतं. पीळ दोराला असतो तसा मलाही होता. मला वाटायचं, मी सत्यासाठी उभा आहे. होतोही. पण दुसरीही एक गोष्ट घडत होती आणि ती कबूल केल्याशिवाय ही कहाणी खरी होणार नाही. त्या महिन्यांत मी कुणालाच काही दिलं नाही. पूर्वी वस्तीत कुणाला दाव्याचा तुकडा लागला तर मी हसत द्यायचो. आता एक विधवा धनगरीण मेंढीसाठी दावं मागायला आली, तर मी तिला म्हणालो, "काय, तू बी यादी केलीस व्हय?" ती बिचारी गोंधळून गेली आणि निघून गेली. मागणाऱ्याला नाही म्हणायचा माझा हक्क मी एवढा घट्ट धरला होता की मूठ उघडायचंच विसरलो होतो.

माय मात्र रोज मूठ टाकत होती. मी एकदा चिडून म्हणालो, "माय, त्यांनी तुला वगळलं, तरी तू देतीस?"

"त्यांनी वगळलं," ती म्हणाली. "ज्याला देते त्यानं कुठं वगळलं?"

श्रावणात माय अंथरुणाला खिळली. अन्न उतरेना. घरातली ज्वारी संपत आली होती, आम्ही अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढत होतो, आणि कोपऱ्यात ते मडकं काठोकाठ भरलेलं होतं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मायला एकच ध्यास लागला होता: जायच्या आधी एकदा प्रभूची भाकर आणि प्याला घ्यायचा. ती मागत नव्हती, पण झोपेत तिचा हात पुढं यायचा, त्या दिवशी आला होता तसाच. ते मला बघवेना. एके सकाळी मी सगळ्यांत चांगला मोटेचा नाडा उचलला, खांद्यावर टाकला आणि बायकोला म्हणालो, "देऊन येतो. पाळकसाहेबांना घेऊन येतो."

मायला पावलांचा आवाज आला असावा. "कुठं निघालास?"

मी सांगितलं.

तिनं कोपरावर भार देऊन मान उचलली. महिनाभरात तिच्या अंगात एवढा जोर मी पाहिला नव्हता. "माज्यासाठी दिलास तर म्या तोंड उघडणार न्हाय. इकत घेतलेली भाकर मला नगं. ठिव तो नाडा."

मी नाडा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन ओढ्याकाठी बसलो. प्रार्थना म्हणावी तर शब्द येईनात. एवढंच म्हणालो, "देवा, म्या दिलं तरी तिला मिळत न्हाय, न्हाय दिलं तरी मिळत न्हाय. आता तूच बघ." मनातून मी हे भांडल्यासारखंच म्हणालो होतो. ती शरणागती होती हे मला फार उशिरा कळलं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी सरली. आधीच्या वर्षभर आमच्या भागात फार वाईट दिवस गेले होते, गावंच्या गावं सोलापूरकडं उठून गेली होती. आता उलटं झालं. ज्या रझाकारांनी जाळपोळ केली ते कधीच पसार झाले होते, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं ती गोरगरीब मुसलमान माणसं लोकांच्या रागाला सापडू लागली. रस्त्यानं धूर दिसायचा. कामधंदा बंद. आम्ही दार ओढून घरात बसायचो.

अशाच एका दुपारी दारात एक बाई आली. पन्नाशीची, एका पायात चप्पल, हातात कापूस पिंजायच्या धनुकलीची तुटलेली दांडी घट्ट धरलेली. तिचा माणूस पिंजारी होता. त्याचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दाराशी टेकून ती एवढंच म्हणाली, "बाई, पानी देव ना थोडा."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. बाईला घरात घेतलं आणि कुणाला कळलं तर आमचंही घर पेटलं असतं. मी खरं सांगतो, माझ्या तोंडावर नकार आला होता. तेवढ्यात आतून माय बोलली. "कोन हाय गं? पाव्हणी हाय व्हय? आत घ्या की."

बायकोनं तिला आत घेतलं. ती आमच्या मडक्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिचे ओठ फुटले होते. मायनं तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकला, मग विचारलं, "जेवलीस का?" बाईनं नुसती मान हलवली. मायला ते दिसलं नाही, पण कळलं. मला म्हणाली, "मडकं काढ."

"माय, ते देवाचं हाय."

"मग देवाच्या पाव्हणीला तेच घालावं न्हाय का? काढ म्हणते न्हवं."

मी मडकं तिच्यापुढं ठेवलं. फाल्गुनापासूनच्या मुठी होत्या त्या. बायकोनं त्यातली ज्वारी घेऊन दळली आणि चूल पेटवली. ती बाई उठली, म्हणाली, "मैं थापतूं." रिकामं बसून खाणं तिला जड जात असावं. तिनं तीन-चार भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी होतीच. भाकरी तव्यावरून उतरली तशी तिनं पहिला तुकडा स्वतः खाल्ला नाही. मायच्या अंथरुणाशी बसली, तुकडा मोडून पाण्यात भिजवून मऊ केला आणि म्हणाली, "माँ, तुम पैले खाव."

तीन दिवस मायच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. बायकोनं भरवलेलं तिनं थुंकून टाकलं होतं. तिनं हात पुढं केला. बाईनं तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. मायनं तो कपाळाला लावला आणि खाल्ला. मग बाईनं पेल्यातलं पाणी तिच्या ओठांना लावलं. मायनं डोळे मिटले आणि बराच वेळ तिचे ओठ हलत राहिले. मी हे दाराजवळ उभं राहून पाहिलं. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. जे पाहिलं ते लिहितो आहे.

त्यानंतर थोड्याच वेळात बाहेर आवाज आला. शेजारच्या गावचे पाच जण होते, हातात कुऱ्हाडी. त्यांतले दोघं माझ्याकडून कासरे नेणारे. मी दाराबाहेर येऊन उभा राहिलो आणि दार पाठीमागं ओढलं.

"एक बाई हिकडं आली. कुठं गेली?"

"माज्या घरात आजारी माणूस हाय," मी म्हणालो.

"दोरवाल्या, सर बाजूला. आमी बघतो."

"आजवर तुमी म्हणला तवा सरलो," मी म्हणालो. "आज न्हाय सरत."

माझ्या हातात काहीच नव्हतं. पण मला आठवतं, महिन्यांनंतर पहिल्यांदा माझ्या मनात कडूपणा नव्हता. मी कुणाच्या विरुद्ध उभा नव्हतो, कुणासाठी तरी उभा होतो. त्यांतला एक पुढं आला आणि त्यानं माझी छाती ढकलली.

त्याच वेळी वस्तीच्या वाटेनं पांढरा कोट दिसला. पाळकसाहेब. बगलेत प्रभुभोजनाची पितळी पेटी, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्या दिवसांत तीन कोस एकट्यानं चालत यायला कुणी धजत नव्हतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. निरोप द्यायला कुणी गेलंच नव्हतं. ते सरळ आले आणि माझ्या शेजारी, दाराला पाठ लावून उभे राहिले. धाप लागली होती.

"आत कोण हाय, पाळकसाहेब?" त्या माणसानं विचारलं. "खरं सांगा. तुमी खोटं बोलत न्हाय म्हणत्यात."

आतून त्या बाईच्या हुंदक्याचा आवाज आला. मायच्या आवाजासारखा तो नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"माझी मंडळी आहे आत," ते म्हणाले. "जितकी माणसं आहेत तितकी सगळी माझी मंडळी आहे. आत जायचं असेल तर आधी मला तोडा."

किती वेळ गेला सांगता येत नाही. ते पाच जण आपसांत काहीतरी पुटपुटले. माझ्याकडून कासरे नेणारा एक जण खाली बघत मागं वळला, आणि त्याच्यामागून बाकीचे गेले. का गेले, मला ठाऊक नाही.

आम्ही आत गेलो. पाळकसाहेब मायच्या अंथरुणाशी बसले, त्यांनी पेटी उघडली. म्हणाले, "आजी, मी भाकर आणि प्याला घेऊन आलोय. सकाळी वरच्या लोकांना पत्र लिहायला बसलो होतो, पण तुमचा पसरलेला हातच डोळ्यांपुढं येत होता. मला माफ करा."

माय हसली. "पाळकसाहेब, माजं झालं. पाव्हणीनं दिली. आता तुमीच बसा. चालून आलाव, जेवला नसाल."

त्यांनी त्या बाईकडं पाहिलं, तव्याशेजारच्या भाकरीकडं पाहिलं, मायच्या तोंडावरच्या शांतीकडं पाहिलं. शिकलेला माणूस, त्यांना पुष्कळ बोलता आलं असतं. मांडी घालून बसले. बाईनं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली आणि ते जेवले.

जेवण झाल्यावर त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली. "तुम्ही घ्याल का? विचारतोय. हुकूम नाही."

माझ्यातला जुना पीळ एकदा उसळला. सात महिने मी या क्षणाची वाट पाहत होतो, त्यांनी यावं आणि मी नाही म्हणावं. मला नाही म्हणता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. पण जो माणूस न मागता एवढं चालत आला, त्याला काय म्हणून नाकारू? मी हात पुढं केला.

पाव्हणी आमच्याकडं आठ दिवस राहिली. मायचे पाय चेपायची, तिला भरवायची. मग रस्ते निवळल्यावर पाळकसाहेबांनी गाडी करून तिला धाराशिवला तिच्या दिराकडं पोचवलं. मडक्यात उरलेली ज्वारी आम्ही तिच्या पदरात बांधून दिली. दोन दिवसांनी माय गेली, अगदी सहज. तिला मातीत ठेवताना पाळकसाहेब माझ्याइतकेच रडले.

पुढच्या सुगीला त्यांनी यादी वाचली नाही. वरच्या लोकांना त्यांनी काय कळवलं, त्यांना काय ऐकावं लागलं, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या दोघांत कोण बरोबर होतं यावरही आम्ही बोललो नाही. त्या वर्षी चर्चमध्ये जास्त आलं की कमी, हे कुणी मापलं नसेल. विधवा धनगरणीच्या घरी मी मात्र दावं घेऊन गेलो आणि माफी मागितली.

आता मी म्हातारा झालो आहे. दशमांश देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. कुणाला तशी शिस्त लागते, कुणी त्यातही आनंदानं देतो. पण माझं म्हणणं बदललेलं नाही. यादीच्या भीतीनं मी आजही एक दाणा देणार नाही. त्या दुपारी एवढंच शिकलो की नाही म्हणायची मोकळीक देवानं मला दिली ती मूठ आवळून बसण्यासाठी दिली नव्हती. दारात कुणी आलं की आता मी आधी उठतो, विचार मागून करतो. उठायचं हे बळ माझं नाही. ज्यानं ते दिलं त्याचे उपकार मी रोज मानतो, आणि त्यासाठी मला कुणी भाग पाडत नाही.